पाडीला राखलंस तेव्हा

आये,

मी तुझ्यावर रागावलेली आहे. हे तुला जिवंतपणी सांगायचं राहून गेलं, कारण तू होतीस तोवर आपले बोलायचे विषय ठरलेले होते. भात कसं उतरलं, जावयाचा खोकला कसा आहे, आणि गुरं. गुरांवर तर आपण दोघी तासन् तास बोलायचो. तेव्हा हेही गुरांचंच आहे असं समज. परवा माझ्या गोठ्यात पाडी अडली. पहिलंच वेत. वासराचे पुढचे दोन खूर बाहेर आलेले, नाकाचा मात्र पत्ता नाही, आणि पाडी जमिनीवर मान टाकून कण्हत होती. त्या गोंधळात मला एकाएकी तुझाच इतका संताप आला की हातातलं घमेलं मी गोठ्याच्या दारात आपटलं. लोकांना वाटलं, बाई घाबरली. घाबरले होतेच, पण घमेलं आपटलं ते तुझ्यासाठी.

पाडी कुठली ते आधी सांगते. तू मला गडबहून रोह्याला पाठवताना जी वासरी दिली होतीस, तिच्याच पोटची ही कितवी तरी पिढी. मधे थोडी जर्सी मिसळली, पण चण तीच, तुझ्या गाईंची. आखूड पाय, निमुळता पुठ्ठा. तुझा नातू कंपनीत शिफ्टला जातो, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्या अंगात दूधवाला संचारतो. मी अंगणवाडीच्या बैठकीला गेले होते, पाडी माजावर आली, आणि या शहाण्याने मोटारसायकलवरून फिरणाऱ्या माणसाला बोलावून तिला मोठ्या जातीच्या वळूच्या बीजाची कांडी भरून टाकली. मी घरी आले तर साहेब खूश. "आई, याची पैदास बघ कशी होते ती. बादली भरून दूध." मी म्हटलं, अरे, अजून ती स्वतःच वाढतेय, हिच्या पोटात हत्तीचं पोर कुठे मावणार? तर म्हणतो, "आई, तू जुन्या वळणाची. आजकाल सगळे करतात." सगळे करतात! आये, हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. माझ्या आयुष्यातलं जे जे वाटोळं झालं ते सगळे करतात म्हणूनच झालं.

त्यावर कडी म्हणजे शेवटच्या दोन महिन्यांत त्याने पेंडीच्या गोण्या आणून ओतल्या. गाभण आहे, खाऊ दे. हिंडायला जागा नाही, आमच्या मागचं माळरान कुणीतरी घेऊन तारांचं कुंपण घातलंय, पुढे रस्ता. पाडी दिवसभर सिमेंटच्या कोब्यावर उभी आणि पुढ्यात आंबोण. फुगली नुसती. मी तिला सकाळ-संध्याकाळ दाव्याला धरून गावाच्या विहिरीपर्यंत फिरवून आणायचे, तर शेजारी हसायचे. म्हणायचे, बाई पाडीला मॉर्निंग वॉकला नेते. हसू देत. मी तुझ्याकडून शिकले होते. तुझ्याकडून शिकले हाच तर सगळा प्रश्न आहे.

आता त्या वर्षाकडे ये. गडबचं आपलं घर, दहावीचा निकाल लागून गेलेला, भात कापून झालंय, उडव्या रचून झाल्यात. शेतं रिकामी झाली म्हणजे आख्ख्या गावाची गुरं मोकळी सुटतात, गाई, पाड्या, बैल सगळे एकत्र, कुणी राखायला नाही, संध्याकाळी आपापली घरी येतात. तशीच रीत. आणि तू चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता बाबांना सांगते आहेस, पाडी सोडायची नाही. बाबा ओटीवरून ओरडतात, "सगळ्यांची गुरां सुटलीत, आपलीच काय बांधून ठेवायची?" तू तव्यावरची भाकरी उलटतेस आणि शांतपणे म्हणतेस, "नाय म्हंजे नाय. कोवळी हाय ती अजून. एखादा वळू चढला तर जल्माची अधू होईल. हाडां उघडूं देत तिची." बाबा गप्प. आये, बाबा गप्प झाले होते! भांड्याला भांडं न लागता, आवाज न चढवता, तू त्या माणसाला गप्प केलंस. मी तिथेच कांदा चिरत बसले होते. मी पाहिलं.

मग पाडी बांधलेली राहिली आणि तिचं सगळं माझ्या अंगावर आलं. तिला पेंढा घालायचा, विहिरीवरून पाणी आणायचं, दुपारी बांधाबांधाने हिंडवून आणायचं, आणि वळू कुठे आहे त्यावर डोळा ठेवायचा. माझ्या मैत्रिणी आवळे पाडायला जायच्या आणि मी एका पाडीची अब्रू राखत बसायचे. एकदा मी बांधावर बसून गाभुळलेली चिंच खात होते, तेवढ्यात तिने दाव्याला हिसडा दिला आणि ती सुटली, थेट खालच्या शेतातल्या गुरांत. मी धावले, ओढून आणली, काही झालं नव्हतं. पण तू पडवीतून पाहिलं होतंस. तू माझ्या मुस्काटात मारलीस. "वाटोळां करशील गो तिचां! कळत नाय तुला? पोर हाय ती अजून!" माझा कान संध्याकाळपर्यंत गुणगुणत होता. त्या कानाने मी रात्री जेवताना ऐकलं की रविवारी मला बघायला रोह्याकडचे लोक येणार आहेत.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. पाडीचं वय तू शिंगांवरून सांगायचीस, माझं वय शाळेच्या दाखल्यावर होतं, पण तो कुणी मागितला नाही. पाहुणे आले तेव्हा मी गोठ्यातून आलेली, केसांत पेंढ्याची काडी. ती काडी तूच काढलीस, पदराने माझं तोंड पुसलंस आणि पोह्यांचं ताट हातात दिलंस. दारातून आत येताना मुलाचं डोकं चौकटीला आपटलं, एवढा उंच. ओटीवरच्या सगळ्या बायका हसल्या. नंतर तू विहिरीवर किती अभिमानाने सांगत होतीस, "जावई धिप्पाड मिळालाय हां. वाकूनच यावां लागता आमच्या घरात." आणि आये, पाडीसाठी पुढच्या सालात तू काय केलंस? गडब सोडून पार पलीकडच्या गावातून बुटक्या चणीचा वळू शोधून आणवलास. का, तर पहिल्या वेताला वासरू लहान असलेलं बरं. लेकी बोले सुने लागे म्हणतात. तू पाडीविषयी बोलायचीस आणि ते लेकीला लागायचं, पण लेक तुला दिसतच नव्हती.

तुझ्या जावयाला मी दोष देत नाही. तोही वीस-एकवीसचा पोरच होता, आणि आता तर वाकला आहे, चौकट लागत नाही त्याला. परवा डॉक्टरबाईंना आणायला तोच धापा टाकत गेला.

पहिल्या बाळंतपणाला मी गडबला आले. पहिलं माहेरी, ही रीत. तू लाड केलेस, नाही म्हणत नाही. डिंकाचे लाडू, तुपातला शिरा, तांदळाच्या पेजेत लोण्याचा गोळा. उठू द्यायची नाहीस. "निज गो, निज. बाळंतपणाला आलेल्या पोरीने कामां करायची नसतात." मी पडून पडून फुगले. कुडाच्या भिंतीपलीकडे तुझी पाडीही गाभण होती, तिला शेवटचे दिवस होते. तिचं आंबोण मात्र तू मोजून घालायचीस, आणि रोज तिला उन्हं उतरली की नदीपर्यंत चालवत न्यायचीस. कुणी विचारलं तर सांगायचीस, "गाभण जनावर हिंडता-फिरता र्‍हायला पायजे. चरबी चढली का वासरू अडता." मी आत बाजेवर पडून हे ऐकत होते, तोंडात तुपाचा घास. मला तेव्हा काही कळलं नाही. मला वाटलं आपली आई किती माया करते.

पाडी सकाळी अंगणात आपसूक व्यायली, तू चुलीवरचं दूध उतरवेपर्यंत वासरू बाहेर. मी नंतर अडले. दोन सुइणी झाल्या, मग जीपमध्ये घालून पेणला नेलं. माझा पहिला मुलगा अंगाने मोठा होता, सगळे म्हणाले बापावर गेला. रडला नाही. मला त्याचं तोंड पाहू दिलं नाही, फक्त पाय दिसला, फडक्यातून बाहेर आलेला, चांगला गुबगुबीत. आणि तू माझ्या उशाशी बसून माझ्या कपाळावरून हात फिरवत बाहेरच्या बायकांना सांगितलंस, "पहिलटकरीण हाय. अडायचीच."

अडायचीच! पाडी का नाही अडली मग? ती पहिलटकरीण नव्हती?

हे मी तुला तेव्हा विचारायला हवं होतं असं म्हणणार नाही. टाके पडलेली सतरा वर्षांची पोर काय विचारणार. विचारायचं तू होतंस, एक वर्ष आधी, त्याच चुलीपुढे. तुला काही नवं शिकायचं नव्हतं. कोवळं अंग, पहिली खेप, पोटात दांडगं पोर, वरून चरबी, आणि हिंडणं बंद. या एकेका गोष्टीला तू तुझ्या गोठ्यात दार बंद केलं होतंस, आणि घराचं पुढचं दार सताड उघडं ठेवलंस, नारळ आणि सुपारी घेऊन.

आणि काही महिन्यांनी सासरी परत निघाले तेव्हा तू काय केलंस? ओटी भरलीस, आणि पाडीचं ते वासरू, आता चांगलं दूध सुटलेलं, दावं बांधून टेम्पोत चढवलंस. "रिकाम्या हाताने कशी धाडू तुला." आये, माझं मूल गेलं म्हणून तू मला वासरू दिलंस. वर टेम्पोचं फळकं धरून सांगितलंस, "हिची घाई नको करू हां. दोन पावसाळे जाऊं देत. हाडां उघडूं देत." टेम्पो सुटला. मी गडबपासून नागोठण्यापर्यंत त्या वासराच्या मानेत तोंड खुपसून बसले होते आणि मनात एकच चाललं होतं, की हिला हे शब्द माहीत आहेत. हिला हे शब्द चांगले पाठ आहेत.

परवाचं पुरं करते. दुपारची वेळ. पाणमोट फुटून बराच वेळ झालेला, खूर दिसतायत, पुढे काही नाही. मी सुनेला गरम पाणी करायला लावलं आणि तुझ्या जावयाला डॉक्टरबाईंकडे पिटाळलं. तोवर शेजारी जमले. गाय अडली की गावातले सगळे पुरुष पदवीधर होतात. एकजण हमरापूरहून गणपती आणायला टेम्पो चालवतो, तो मूर्ती आवळायची दोरी घेऊन आला. "खुरांना बांधा नि चौघांनी लावा जोर. हल्या हल्या!" त्यांनी दोरी बांधलीही. माझा मुलगाही पुढे. मी मधे उभी राहिले. म्हटलं, डोकं मागे वळलंय आत, ओढलंत तर वासरू मरेल आणि हिलाही फाडून टाकाल. कुणी हात लावायचा नाही. मुलगा म्हणाला, "आई, उशीर होतोय, बाजूला हो." मी त्याला ढकललं. आये, मी त्याच्यावर त्याच्या लग्नानंतर कधी हात उगारला नव्हता. म्हटलं, "घाई तुला भरवताना होती, आता कसली घाई? आता ती म्हणेल तेव्हा." तेव्हाच ते घमेलं आपटलं.

डॉक्टरबाई आल्या. लहानशी मुलगी, माझ्या सुनेच्या वयाची. बांगड्या काढल्या, कोपरापर्यंत साबण, तेल, आणि हात आत. "मावशी, शेपटी धरा बाजूला." आधी तिने वासरू मागे ढकललं, मग बराच वेळ चाचपत राहिली, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता तो मी पदराने टिपला. डोकं वळवून आणलं. मग दोरी, पण पाडी कळ देईल तेव्हाच, कळ थांबली की दोरी सैल. शेवटी वासरू धपकन पेंढ्यावर आलं. पाडा. अवाढव्य. तोंडातला चिकटा काढला, नाकात काडी घातली, आणि तो शिंकला. सगळे "वाचला, वाचला" करत हसायला लागले. पाडी मात्र उठली नाही. मागचे पाय लुळे पडले होते. डॉक्टरबाईंनी इंजेक्शनं दिली, पुठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "नस दबलीय. उठेल, पण सांगता येत नाही. खूप कोवळी होती हो ही. एवढ्यात भरवायला नको होती, आणि भरवली तर लहान जातीची तरी कांडी."

गोठ्यातल्या झाडून सगळ्या पुरुषांनी माना डोलावल्या. व्हय व्हय, कोवळीच हाय. आये, मी त्या डोलणाऱ्या माना पाहिल्या. त्यांतल्या दोघांनी आपल्या मुली बारावीच्या आत उजवल्यात. मी स्वतः त्यांच्या ओटीवर जाऊन भांडून आले होते, अंगणवाडीच्या बाई म्हणून चहा दिला आणि वाटेला लावलं. गुरांच्या बाबतीत कोकणातला एकही माणूस अडाणी नाही.

मावशीने मागे मला सांगितलं की माझं लग्न ठरलं त्या संध्याकाळी तू गोठ्यात जाऊन रडलीस. पाडीच्या गळ्यात पडून. मावशीला वाटलं, हे ऐकून माझा राग जाईल. तो दुप्पट झाला. गोठ्यात रडून काय होतं? ओटीवर बोलायचं होतंस. पाडीसाठी बोललीस ना? बाबा ऐकायचे तुझं. तुझं स्वतःचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, तुझी पहिली दोन पोरं गेली, हे मला ठाऊक आहे. तेव्हा तुझ्यासाठी कुणी बोललं नव्हतं, म्हणून माझ्यासाठी बोलायचं असतं हे तुला सुचलं नसेल, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं. पण मग पाडीसाठी कसं सुचलं ग? तिथेच माझं समजावणं संपतं, दर वेळी.

पाडी दोन दिवस पडून होती. आम्ही तिला कुशी बदलून देत होतो, खाली पेंढ्याची जाड गादी, पाय चोळायचे, पाडा तिच्या तोंडाशी आणून ठेवायचा. मुलाने रजा टाकली. बोलत नव्हता माझ्याशी, पण गोठ्यातून हलतही नव्हता. एकदा मान खाली घालून म्हणाला, "आई, उठली नाही तर?" त्याला धीर द्यावा असं मला वाटेना. राहू दे थोडा वेळ त्या प्रश्नात, असं वाटलं.

आज सकाळी तिने पुढचे गुडघे टेकले, मागचा भाग उचलला, पडली. पुन्हा उचलला. मुलगा एका बाजूने, तुझा जावई दुसऱ्या बाजूने पोतं घालून तोलत होते. आणि ती उभी राहिली. थरथरत, पाय फाकून, पण उभी. पाडा लगेच कासेला झोंबला. सून चीक काढायला भांडं आणायला धावली, शेजारी खरवस कधी म्हणून विचारायला लागले. मुलगा डोळे पुसत होता. मी त्याला सांगितलं की हिला आता वर्षभर कुणी भरवायचं नाही, आणि तो मुकाट्याने हो म्हणाला.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तुला वाचता कुठे येत होतं. कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस, आणि ते मला चाललं नसतं. तेव्हा राहू दे इथेच. एक मात्र सांगते, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. सगळे आत चहाला गेले, तेव्हा मी पाडीपाशी एकटी थांबले. तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तुझ्या आवाजात, तुझ्या बोलीत, मोठ्याने म्हटलं, "नाय म्हंजे नाय. कोवळी हाय ती अजून." दारातून मुलगा म्हणाला, "हो आई, कळलं मला, नाही भरवणार तिला." त्याला वाटलं, मी पाडीविषयी बोलतेय.